सरकारने कंत्राट मोडले, तर दाद कुठे आणि कशाची?

राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची कामे घेणाऱ्या कंत्राटदाराला बी-१ नमुन्याचे तिसरे कलम सहसा तोंडपाठ असते. काम रेंगाळले, अटी मोडल्या असे कार्यकारी अभियंत्याचे मत झाले, की या कलमाखाली त्याला तीनपैकी एक गोष्ट करता येते. करार रद्द करून सुरक्षा अनामत जप्त करायची. खात्यानेच मजूर-साहित्य लावून काम पुरे करायचे आणि खर्च कंत्राटदाराच्या नावे टाकायचा. किंवा झालेले काम मोजून उरलेले दुसऱ्याला द्यायचे आणि जादा लागलेले पैसे पहिल्याकडून वसूल करायचे. केंद्रीय बांधकाम खात्याच्या सर्वसाधारण अटींतही हे अधिकार तिसऱ्याच कलमात आहेत. रेल्वे, महामार्ग प्राधिकरण, महापालिका, वीज कंपन्या यांच्या करारांत शब्द वेगळे असतात, अधिकार साधारण तोच.

हा अधिकार चुकीच्या कारणासाठी किंवा चुकीच्या रीतीने वापरला गेला तर कंत्राटदाराने काय करायचे, यावर आपल्याकडे साठ वर्षांहून अधिक काळ निकाल येत आहेत. त्यांतून काही प्रश्न बऱ्यापैकी सुटले आहेत. काहींची उत्तरे न्यायालयागणिक बदलतात.

पाया

राज्यघटनेच्या २९८व्या अनुच्छेदाने सरकारला व्यापार आणि करार करण्याची मुभा दिली, २९९व्याने त्याची रीत ठरवली आणि ३००व्याने सरकारवर दावा लावण्याची सोय ठेवली. करार राष्ट्रपती किंवा राज्यपालांच्या नावे, अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या सहीने व्हायला हवा. ही रीत सक्तीची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने भिकराज जयपुरिया प्रकरणात साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच सांगितले. त्याच सुमारास बी. के. मोंडल प्रकरणात दुसरी बाजूही सावरली गेली. करार रीतसर नसला तरी सरकारने कामाचा लाभ घेतला असेल, तर करार कायद्याच्या कलम ७० खाली मोबदला द्यावा लागतो. तोंडी हुकमावर कामे सुरू करणाऱ्या कंत्राटदारांना हे कलम आजही तारते.

१८७२ चा करार कायदा मात्र सरकार आणि किराणा दुकानदार यांच्यात फरक करत नाही. करार पाळायला नकार (कलम ३९), भंगाची भरपाई (७३), ठरीव भरपाई आणि दंड (७४) ही कलमे दोघांना सारखीच लागू होतात. खरा वाद या कायद्याबाहेरचा आहे. करार करणारे सरकार करारापुरते साधे पक्षकार होते, की तेव्हाही ते सरकारच राहते?

रिटच्या वाटेवरचा प्रवास

पहिले ठळक उत्तर १९७७ मध्ये राधाकृष्ण अगरवाल विरुद्ध बिहार या खटल्यात मिळाले. जंगलातून साल बिया गोळा करण्याचा पट्टा सरकारने आधी दर वाढवून आणि मग रद्द करून मोडला होता. करार करताना समानतेचा अनुच्छेद १४ सरकारला बांधतो. एकदा करार झाला की दोघांचे नाते करारातल्या कलमांनी ठरते आणि भंगाची तक्रार उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेत चालत नाही, असे न्यायालय म्हणाले. दोनच वर्षांनी मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेतून उभ्या राहिलेल्या रमण दयाराम शेट्टी खटल्याने निविदेच्या टप्प्यावरची बंधने आणखी घट्ट केली. त्यामुळे एक विचित्र रचना तयार झाली. दारात सरकारने मनमानी केली तर उच्च न्यायालय धावून येई आणि आत घेतल्यावर केली तर दिवाणी न्यायालयाकडे बोट दाखवी.

ही रेघ १९९१ च्या श्रीलेखा विद्यार्थी निकालाने पुसट केली. उत्तर प्रदेश सरकारने एका परिपत्रकाने राज्यभरच्या सर्व जिल्हा सरकारी वकिलांच्या नेमणुका एकदम संपवल्या होत्या. नेमणूक कराराची असली तरी सरकार करारातही मनमानी करू शकत नाही, असे न्यायालयाने ठरवले. पुढची काही वर्षे दोन्ही धारा शेजारी-शेजारी वाहत राहिल्या. ब्रिज अँड रूफ (१९९६) आणि कुरियन कलाथिल (२०००) या निकालांनी कंत्राटदारांना दिवाणी वाटेवर परत पाठवले. २००४ च्या एबीएल इंटरनॅशनल निकालाने पुन्हा दार उघडले: वस्तुस्थितीचा वाद आहे एवढ्यावरून रिट फेटाळलीच पाहिजे असे नाही, आणि योग्य प्रकरणात पैशांचा आदेशही देता येतो. २०१५ च्या जोशी टेक्नॉलॉजीज निकालाने याला आवर घातला. २०२१ च्या युनिटेक विरुद्ध तेलंगणा औद्योगिक पायाभूत महामंडळ निकालाने लवादाचे कलम असले तरी रिटचा अधिकार संपत नाही, हे स्पष्ट केले.

अलीकडचा महत्त्वाचा टप्पा जुलै २०२४ चा सुबोधकुमार सिंह राठोड निकाल. कोलकात्यातल्या दोन भुयारी मार्गांची देखभाल करायची आणि बदल्यात तिथे जाहिराती लावायच्या, असा दहा वर्षांचा करार विकास प्राधिकरणाने वर्षभरातच मोडला. निविदेत तांत्रिक दोष होता असे कारण दिले गेले. कागदपत्रांतून दिसले ते संबंधित मंत्र्याच्या सूचनेवरून झालेले पाऊल. सर्वोच्च न्यायालयाने रद्दीकरण अवैध ठरवले आणि सार्वजनिक निविदांचे पावित्र्य राखणे हीच सार्वजनिक हिताची बाब असल्याचे सांगितले. आपल्या शेजारचे उदाहरण नागपूर विमानतळाचे. मार्च २०१९ मध्ये निविदा जिंकलेल्या कंपनीला दिलेले स्वीकृतिपत्र वर्षभराने मागे घेतले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑगस्ट २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ते मागे घेणे टिकू दिले नाही.

आजची स्थिती सांगायची तर रिट चालते की नाही, हा वाद जवळपास मिटला आहे. ती चालवायची की नाही, हा प्रत्येक उच्च न्यायालयाच्या विवेकाचा भाग आहे, आणि अनिश्चितता तिथे आहे.

एकच पत्र, दोन वाचने

वाट निवडण्याने केवळ न्यायालय बदलत नाही, तर विचारला जाणारा प्रश्नही बदलतो. या मुद्द्याकडे चर्चेत फार कमी लक्ष जाते, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

रिटमध्ये न्यायालय विचारते: निर्णय कसा घेतला? कारणे दाखवा नोटीस दिली का, उत्तर वाचले का, पत्रात लिहिलेले कारण टिकते का? मोहिंदरसिंग गिल प्रकरणात (१९७८) घालून दिलेला नियम इथे लागू होतो. आदेशात नसलेली कारणे सरकारला नंतर प्रतिज्ञापत्रातून जोडता येत नाहीत. दिवाणी दाव्यात किंवा लवादात मात्र प्रश्न असतो: भंग कोणी केला? तिथे करार कायद्याचा जुना नियम चालतो. करार मोडणाऱ्याने पत्रात चुकीचे कारण दिले, पण त्या दिवशी दुसरे खरे कारण अस्तित्वात होते, तर तो ते पुढे आणू शकतो.

म्हणजे घाईघाईत लिहिलेल्या रद्दीकरणाच्या पत्रामुळे सरकार रिट हरू शकते आणि त्याच कामावरच्या मोजमाप पुस्तकाच्या आधारे लवाद जिंकू शकते. उलटही घडते: प्रक्रिया नीट पाळलेले रद्दीकरण रिटमध्ये टिकते आणि जागेचा ताबा खात्यानेच वेळेत दिला नव्हता, नकाशे उशिरा दिले होते, हे लवादात सिद्ध झाल्यावर कोसळते. कोणती वाट न्याय्य, या प्रश्नाचे उत्तर आपण चूक कशाला म्हणतो यावर अवलंबून राहते.

रिटची व्याप्ती वाढावी असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा: सरकार करारातही सार्वजनिक पैसा आणि अधिकार वापरते, छोटा कंत्राटदार दहा वर्षे दावा चालवू शकत नाही, आणि मनमानीला भरपाई हे पुरेसे उत्तर नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही वजनदार आहे. उच्च न्यायालय साक्षीपुरावा घेत नाही. काँक्रीटचा दर्जा प्रतिज्ञापत्रावर ठरत नाही. आणि प्रत्येक रद्दीकरण रिटमध्ये अडकले तर निकृष्ट काम करणाऱ्याला हटवायची हिंमत कोणताही अभियंता करणार नाही.

दावा आणि लवाद

सरकारवर दिवाणी दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. तातडी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने ती टाळता येते. भंगाच्या भरपाईसाठी मुदत तीन वर्षांची. रिटमध्ये गेलेला वेळ सद्भावनेने चुकीच्या न्यायालयात घालवलेला म्हणून मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वगळून मागता येतो, पण तो आपोआप मिळत नाही.

लवाद आहे की नाही, हाच अनेकदा पहिला वाद असतो. बी-१ नमुन्यासारख्या करारांत अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम, असे कलम असते. असे कलम म्हणजे लवादाचा करार नव्हे, ती खात्यांतर्गत सोय आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या तशाच कलमाबद्दल दशरथरामा रेड्डी प्रकरणात (२०१४) ठरवले. तो निर्णय न पटल्यास दिवाणी न्यायालय मोकळे राहते.

सरकार स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश होऊ शकत नाही, हे तत्त्व मात्र पक्के झाले आहे. कर्नाटक विरुद्ध रामेश्वर राइस मिल्स (१९८७) निकालानुसार नुकसान किती हे ठरवण्याचा अधिकार कराराने खात्याला दिला असला, तरी भंग झाला की नाही हे खाते ठरवू शकत नाही. गुवाहाटी विमानतळाच्या कामावरच्या जे. जी. इंजिनिअर्स प्रकरणात (२०११) हेच सूत्र पुढे नेले गेले: रद्दीकरण योग्य होते का, हा प्रश्न ‘अंतिम निर्णय’ म्हणून लवादाबाहेर ठेवता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये रेल्वे विद्युतीकरणाच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सार्वजनिक-खासगी करारांत एकतर्फी एकल लवाद नेमण्याचे कलम अनुच्छेद १४ शी विसंगत ठरवले.

पहिले काही आठवडे

प्रत्यक्ष लढाई बहुतेक वेळा रद्दीकरणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच ठरते. बँक हमी वटवली जाते, यंत्रे जागेवर अडकतात, संयुक्त मोजणीची तारीख येते, नवी निविदा निघते. हमी थांबवायला उघड आणि गंभीर फसवणूक किंवा भरून न येणारा अन्याय दाखवावा लागतो, आणि ही कसोटी फार थोडे पार करतात. मोजणीला हजर न राहणारा कंत्राटदार नंतर मोजमाप पुस्तकातल्या आकड्यांशी भांडत बसतो.

१ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या दुरुस्तीने चित्र आणखी बदलले. रस्ते, पूल, वीज, पाणी अशा पायाभूत प्रकल्पांना उशीर होईल असा मनाईहुकूम देता येत नाही (कलम २०क आणि ४१). दुरुस्तीमागचा हेतू समजण्यासारखा आहे. स्थगितीमुळे अर्धवट पडलेले उड्डाणपूल सर्वांनी पाहिलेत. पण तिचा परिणाम असा की चुकीने हटवलेल्या कंत्राटदाराला काम परत मिळण्याची शक्यता या क्षेत्रात खूपच घटली.

रद्दीकरणासोबत येणारी काळी यादी हा स्वतंत्र विषय. तिथे कायदा स्पष्ट आहे: वेगळी नोटीस, त्या शिक्षेचा स्पष्ट उल्लेख आणि बाजू मांडायची संधी. साध्या करारवादात काळ्या यादीचे हत्यार उपसू नये, असेही कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात २०२४ मध्ये सांगितले गेले.

जिंकल्यावर हाती काय येते

माझ्या मते सगळ्या चर्चेतला सर्वात कच्चा भाग हा आहे. रद्दीकरण चुकीचे ठरले तर काम परत, की पैसे? आणि पैसे असतील तर कोणते?

काम परत देण्याच्या विरोधातला मोठा निकाल १९९१ चा. अमृतसर गॅस सर्व्हिसची गॅस वितरणाची एजन्सी इंडियन ऑइलने मोडली. ते चूक होते असे लवादाने ठरवले आणि एजन्सी परत द्यायला सांगितले. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, करार कोणत्याही पक्षाला तीस दिवसांच्या नोटिशीने संपवता येण्याजोगा होता, तेव्हा भरपाईही तीस दिवसांचीच. करारात असे ‘बिनकारण’ कलम आहे की नाही, यावर किती फरक पडतो ते यातून दिसते. मग फक्त कारणासाठीच संपवता येणारा करारही याच वर्गात बसतो का? मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये चित्रपटहक्कांच्या एका खटल्यात तसे मानायला नकार दिला. दिल्लीच्या जुन्या निकालांचा कल मात्र व्यापारी करार मुळात संपवता येण्याजोगेच, असा आहे.

पैशांत पहिला हिस्सा सोपा: झालेल्या कामाची देयके, अनामत आणि सुरक्षा ठेव. मौला बक्ष प्रकरणात लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवण्याचा करार मोडल्यावर सरकारने १०,००० आणि ८,५०० रुपयांच्या ठेवी जप्त केल्या होत्या. प्रत्यक्ष नुकसान सिद्ध केल्याशिवाय त्या ठेवता येणार नाहीत, असे न्यायालयाने ठरवले. कंत्राटदाराने करार मोडला असतानाही हे लागू झाले, हे लक्षात घेण्यासारखे.

दुसरा हिस्सा बुडालेल्या नफ्याचा. ए. टी. ब्रिजपाल सिंग विरुद्ध गुजरात (१९८४) निकालात उरलेल्या कामाच्या किमतीच्या १५ टक्के रक्कम वाजवी मानली गेली. द्वारकादास विरुद्ध मध्य प्रदेश (१९९९) मध्ये १० टक्के. वकील मंडळी हे आकडे जणू कायद्यानेच ठरवले असावेत तसे मागतात. २०२३ च्या युनिब्रॉस निकालाने त्याला लगाम लावला: उशिराने अडकून पडल्यामुळे दुसरी कामे हातची गेली असे म्हणणाऱ्याने ती कामे होती याचा पुरावा द्यावा. हा निकाल उशिराच्या दाव्यातला आहे. चुकीच्या रद्दीकरणात, जिथे हेच काम हातातून काढून घेतले गेले, तिथे तो किती ताणायचा यावर लवादांत एकमत नाही.

इतर देशांची उत्तरे वेगळी आहेत. अमेरिकेच्या संघीय करारांत सरकार स्वतःच्या सोयीसाठीही करार संपवू शकते. दोषाचे कारण देऊन केलेले रद्दीकरण चुकीचे ठरले तर ते सोयीचे रद्दीकरण मानले जाते. मग केलेला खर्च आणि केलेल्या कामावर वाजवी नफा मिळतो, पुढचा नफा नाही. खटले तिथेही लवकर संपत नाहीत: नौदलाने जानेवारी १९९१ मध्ये ए-१२ विमानांचा करार मोडला आणि तडजोड झाली २०१४ मध्ये. फ्रान्समध्ये सार्वजनिक हितासाठी करार मोडण्याचा अधिकार आहे, पण भरपाईत बुडालेला नफाही धरतात. शिवाय २०११ पासून करारसंबंध पुन्हा सुरू करा, अशीही मागणी करता येते. आपल्याकडच्या सरकारी नमुन्यांत अलीकडे सोयीच्या रद्दीकरणाची कलमे वाढत आहेत. त्यांतल्या भरपाईच्या मर्यादा न्यायालयात कितपत टिकतील, याची पुरेशी परीक्षा झालेली नाही.

मोठी प्रकरणे काय सांगतात

महाराष्ट्राने करार मोडण्याची चव दाभोळच्या वीजप्रकल्पात घेतली. डिसेंबर १९९३ च्या वीजखरेदी कराराचा प्रकल्प ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या सरकारने मंत्रिमंडळाच्या मुंडे उपसमितीच्या अहवालानंतर मोडीत काढला. राज्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, प्रकल्पाची कंपनी लंडनच्या लवादात गेली आणि वर्षभराच्या आत फेरवाटाघाटीने प्रकल्प परत आला. २००१ मध्ये वीज मंडळाने दुसऱ्यांदा करार संपवला, तेव्हा मंडळ राज्य वीज नियामक आयोगाकडे आणि कंपनी पुन्हा लंडनकडे वळली. शेवट कुठल्याही निकालाने न होता २००५ च्या तडजोडींनी झाला.

देवास कंपनी आणि केंद्राची अँट्रिक्स यांच्या वादात उलटा प्रवास दिसतो. फेब्रुवारी २०११ मध्ये केंद्राने उपग्रह करार रद्द करवला, २०१५ मध्ये लवादाने ५६.२५ कोटी डॉलरची भरपाई दिली, आणि जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देवास फसवणुकीसाठीच उभी राहिल्याचा निष्कर्ष कायम ठेवला. दिल्ली विमानतळ मेट्रोच्या खटल्यात करार खासगी कंपनीने मोडला होता. २०१७ च्या सुमारे २,८०० कोटींच्या निवाड्याला २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली, फेरविचार याचिका फेटाळली आणि एप्रिल २०२४ मध्ये उपचारात्मक याचिकेत त्याच न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. निवाड्याला शेवट कधी म्हणायचा, हा प्रश्न त्यानंतर अधिकच अवघड झाला.

सरकारचा बदलता पवित्रा

लवादाच्या निवाड्याला आव्हान दिले की त्याची अंमलबजावणी आपोआप थांबत असे. २०१५ च्या दुरुस्तीने ते बंद केले, २०१९ मध्ये संसदेने मागे फिरवले आणि हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन निकालाने त्याच वर्षी ते मागे फिरवणे रद्द केले. सरकार आहे म्हणून रक्कम न भरता स्थगिती मिळणार नाही, हेही पाम डेव्हलपमेंट्स निकालात ठरले. आव्हान दिलेल्या निवाड्यातली ७५ टक्के रक्कम बँक हमीवर देण्याचा निर्णय केंद्राने २०१६ मध्ये घेतला होता; २०२३ च्या ‘विवाद से विश्वास’ योजनेत न्यायालयीन निकालाच्या ८५ आणि लवाद निवाड्याच्या ६५ टक्क्यांपर्यंत तडजोड देऊ केली गेली.

आणि मग ३ जून २०२४ ची अर्थ मंत्रालयाची मार्गदर्शक सूत्रे आली: खरेदी करारांत लवादाचे कलम सरसकट नको, ते दहा कोटींहून कमी रकमेच्या वादांपुरते असावे, मोठ्या वादांत मध्यस्थी आणि न्यायालय. लवाद महाग आणि लांबलचक झाले, निवाड्यांत अंतिमता उरली नाही, असे सरकारचे म्हणणे. कंत्राटदार संघटनांना भीती वाटते ती मोठे वाद आधीच तुंबलेल्या न्यायालयांत ढकलले जाण्याची. मध्यस्थीत सही कोण करणार, ही अडचण दोन्ही बाजू मान्य करतात. चुकीच्या रद्दीकरणाची भरपाई निकालाच्या आधारे दिली तर लेखापरीक्षणात प्रश्न येत नाही. स्वतःहून दिली तर येतो. सूत्रांनी प्रामाणिक निर्णयांना संरक्षणाची भाषा वापरली आहे खरी, पण कार्यकारी अभियंत्याच्या टेबलावरच्या फाइलला ती अजून पोहोचायची आहे. दहा कोटींवरचे नवे वाद आता व्यापारी न्यायालयांत दाखल होतील. तिथे तातडी नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे, आणि सरकारी वकिलाला त्या बैठकीत आकडा मान्य करण्याचा अधिकार कोणी आणि कधी द्यायचा, याचा नियम बहुतेक खात्यांकडे नाही.